थकवा नेमका कसला आहे हे कसं ओळखायचं? (वय ४६)

कृष्णाकाठ

नमस्कार. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितेच.

वय ४६, सांगलीत राहते, पतसंस्थेत नोकरी. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि सासूबाई (७८ वर्षांच्या, मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय). गेलं वर्षभर मी सतत थकलेली असते. दमायचे आधीही, पण तेव्हा रविवारी दुपारी दोन तास ताणून दिली की सोमवारी परत माणसात यायचे. आता तसं होत नाही. झोपून उठते ती थकूनच उठते.

परवाचं सांगते. संध्याकाळी साडेसहाला घरी आले, चपला काढायला दारातल्या स्टुलावर बसले, एक चप्पल काढली आणि दुसरी काढायला हात खाली जाईचना. काही दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, रडूही येत नव्हतं, नुसती बसून राहिले. आतून सासूबाई विचारत होत्या कोण आलंय गं, आणि मला "मी आहे" एवढं म्हणायचंसुद्धा जिवावर आलं होतं. मुलगा क्लासहून आला, त्याने लाइट लावला तेव्हा सात वाजून गेले होते. म्हणाला, आई अंधारात काय करतेस? आणि माझ्या एका पायात चप्पल तशीच.

त्याच्या आधीच डॉक्टरांना दाखवलं होतं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १२.१, शुगर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. रिपोर्ट चांगले आहेत, या वयात असं होतंच, मल्टीव्हिटॅमिन घ्या म्हणाले. दोन महिने घेतल्या, काही फरक नाही. नवरा म्हणतो चार दिवस रजा टाक, आई म्हणते डिंकाचे लाडू खा, मैत्रीण म्हणते जिम लाव. सगळे मायेनेच सांगतात, पण मला स्वतःलाच कळत नाहीये की हे शरीराचं आहे, मनाचं आहे, पाळी जायची वेळ आली म्हणून आहे की मी आळशी होत चालले आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांनी प्लीज सांगा, तुम्ही तुमचा थकवा कसा ओळखलात?

अर्धाकप

चपलेचं वाचून पोटात कालवलं हो. माझं ओट्यापाशी व्हायचं, मेथीची जुडी पुढ्यात आणि निवडायला हात उठायचा नाही. आधी एक सांगते, आळशी माणूस एवढं सगळं लिहून विचारत बसत नाही, तो शब्द डोक्यातून काढून टाका. बाकी सविस्तर रात्री लिहिते.

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, बावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय आणि ओपीडीत रोज सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द हाच, थकवा. पण त्या एका शब्दाखाली लोक इतक्या वेगवेगळ्या गोष्टी सांगतात की मी आधी विचारतो, थकवा म्हणजे काय ते घरच्या शब्दांत सांगा. मग एक जण म्हणतो जिना चढताना धाप लागते. दुसरा म्हणतो खुर्चीत टेकलं की पेंग येते. तिसरी म्हणते भरलेली बादली उचलत नाही. चौथी म्हणते सगळं होतं हो, पण करावंसंच वाटत नाही. या चार माणसांच्या तपासण्या वेगळ्या, औषधं वेगळी, आणि एकाला तर औषध लागणारच नाही.

पहिला फरक झोप आणि थकवा यांतला. आपण दोन्ही एकच समजतो. समजा दुपारी दोनला तुम्हाला शांत खोलीत आडवं केलं, पंखा लावला, फोन काढून घेतला. पाच मिनिटांत झोप लागणार असेल तर रात्रीच्या झोपेत गडबड आहे असं धरून चालायचं, झोप कमी पडतेय किंवा झोप मिळून तिचा दर्जा वाईट आहे. आणि अंग मोडून आलंय, डोळे चुरचुरतायत तरी झोप लागत नसेल, छताकडे बघत पडून राहणार असाल, तर तो थकवा वेगळा, तिथे नुसती झोपेची गोळी देऊन भागत नाही.

दुसरं, थकवा कधी जास्त असतो ते बघा. सकाळी उठताना सगळ्यात वाईट आणि संध्याकाळपर्यंत जरा बरं, असं रोज होत असेल तर मी मनाच्या आजाराबद्दल हळूच विचारतो. सकाळी ठीक आणि दिवसभर उतरत जातं असं असेल तर बहुतेक वेळा रक्त, थायरॉइड किंवा कामाचा बोजा. कामाच्या दिवशी जमतं पण दुसऱ्या तिसऱ्या दिवशी दुपटीने खाली पडायला होतं, हे कोविडनंतर काही लोकांत बघितलंय, त्यांना जोर लावून व्यायाम करायला सांगितलं तर उलट जास्त त्रास होतो. हे काटेकोर नियम नाहीत, अंदाज घ्यायच्या खुणा आहेत.

आता तुमच्या रिपोर्टबद्दल. १२.१ म्हणजे नॉर्मल हे बरोबर, बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात. पण शरीरातलं लोह संपायला लागलं की आधी साठा रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी पडतं. बँकेतली एफडी मोडून घर चालू असतं तेव्हा बाहेरून घर व्यवस्थितच दिसतं ना, तसं. तो साठा बघायची टेस्ट म्हणजे फेरिटिन, ती नेहमीच्या सीबीसीत (रक्ताच्या साध्या तपासणीत) नसते, वेगळी सांगावी लागते. आणि बी १२, आपल्याकडच्या शाकाहारी घरांमध्ये ते कमी सापडणं अगदी नेहमीचं. डायबेटीससाठी मेटफॉर्मिन चालू असलेल्यांनी तर बी १२ बघावंच, त्या गोळीने ते कमी होतं.

म्हणून ताई, हे सांगा: जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते का? पाळी कशी आहे, किती दिवस, किती अंगावरून जातं? रात्री मध्येच जाग येते का, आणि कशाने? वजन कमी झालंय का? संध्याकाळी कणकण येते का? शेवटचे दोन प्रश्न टीबीसाठी आणि इतर मोठ्या आजारांसाठी विचारतोय, घाबरू नका, पण विचारायलाच हवेत. छातीत दडपण किंवा थोडं चाललं तरी नवीनच धाप असं काही असेल तर मात्र इथे लिहीत बसू नका, ईसीजी काढून घ्या. बायकांमध्ये हृदयाचा त्रास कधीकधी नुसता थकवा म्हणूनच सुरू होतो.

रोजची_ओवी

अश्वगंधा घेऊन बघा, आमच्या ऑफिसात तिघींना मस्त फरक पडलाय. रात्री दुधातून. साइड इफेक्ट काही नाही.

तालुक्याचा_डॉक्टर

@रोजची_ओवी तुमच्या मैत्रिणींना बरं वाटलं त्याचा आनंदच आहे, पण साइड इफेक्ट काहीच नाही हे खरं नाही. अश्वगंधाने थायरॉइडची पातळी वर जाऊ शकते आणि क्वचित काही लोकांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. शिवाय लोह कमी असेल तर अश्वगंधाने ते कसं भरून निघणार?

शेवंती

डॉक्टरांच्या फेरिटिनच्या मुद्द्याला हजार वेळा अनुमोदन. माझी गोष्ट सांगते, थोडी लांबेल.

मी ४४ ची असताना मला कच्चे तांदूळ खायची सवय लागली. तांदूळ निवडताना चार दाणे तोंडात टाकायचे, मग मूठभर, मग डब्याचं झाकण काढून उभ्या उभ्या. तो कुडकुड आवाज आणि ती चव, मला त्याशिवाय चैनच पडायचं नाही. मुलगी रागवायची, आई किडे होतील पोटात. मी लपवून खायला लागले, पर्समध्ये पुडी ठेवायचे. कोणाला सांगायची लाज वाटायची, चाळिशी उलटलेली बाई तांदूळ काय चघळते. थकवा होताच, केसही गळत होते, रात्री अंथरुणात पाय नुसते वळवळायचे, कुठे ठेवू नि कसे ठेवू व्हायचं. त्यासाठी मी कॅल्शियम खात होते. ते कोणी सांगितलं नव्हतं, मीच.

शेवटी पायाला लागलं म्हणून दवाखान्यात गेले तर तिथल्या डॉक्टर बाईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि सरळ विचारलं, माती, खडू, तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का? मला रडूच फुटलं. म्हटलं हिला कसं कळलं. लोह कमी झालं की असं होतं म्हणाल्या, त्याला पायका म्हणतात. फेरिटिन ६ निघालं. हिमोग्लोबिन ११.४ होतं, आधीच्या ठिकाणी तेच बघून "थोडंसंच कमी आहे, पालक खा" म्हणून पाठवलं होतं. माझी पाळी आठ आठ दिवस चालायची, दुसऱ्या दिवशी तासाला पॅड बदलायला लागायचं, आणि मी ते नॉर्मल समजत होते कारण माझ्या आईचंही तसंच होतं, मावशीचंही. आम्ही सगळ्या बायका कमी रक्तावर संसार करत होतो आणि त्याला घराण्याची प्रकृती म्हणत होतो.

गोळ्या सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी तांदूळ निवडून झाले, डब्यात भरले, झाकण लावलं, आणि मग लक्षात आलं की एकही दाणा तोंडात टाकला नाही. थकवा जायला मात्र तीन-चार महिने लागले.

ठाणे_घोडबंदर

पुरुषांच्या बाजूने एक लिहितो. वय ५१. माझा थकवा म्हणजे डॉक्टर म्हणतात तो पेंगेचा. रात्री साडेदहा ते साडेसहा आठ तास झोपायचो आणि सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. ऑफिसात मीटिंगमध्ये डोळे मिटायचे, लोकांना वाटायचं मला कामात रस नाही. मलाही तसंच वाटायला लागलं की आपण आता संपलो, प्रमोशन नको, काही नको. गेल्या पावसाळ्यात घोडबंदर रोडला सिग्नलला गाडी उभी असताना मला झोप लागली. मागचे हॉर्न मारतायत आणि मी झोपलोय, बाजूच्या रिक्षावाल्याने उतरून काच वाजवली. मुलगी मागच्या सीटवर होती. त्या दिवशी घाबरलो.

बायकोने रात्री मोबाइलवर रेकॉर्ड करून दाखवलं. घोरणं मला माहीत होतं, पण मध्येच पूर्ण शांतता, दहा सेकंद, वीस सेकंद, आणि मग बुडणारा माणूस वर आल्यासारखा श्वास. तो मी होतो हे ऐकवत नव्हतं. स्लीप स्टडी केली, तासाला ३४ वेळा श्वास अडत होता (याला स्लीप ॲप्निया म्हणतात, ३० च्या वर गेलं की सिव्हिअर धरतात). आता सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावून झोपतो. पहिले दहा दिवस मास्क काढून फेकायचो, अकराव्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा वर्षानुवर्षांनी डोकं हलकं होतं.

घरबसल्या अंदाज घ्यायला एपवर्थ म्हणून आठ प्रश्नांची यादी असते, वाचताना, टीव्ही बघताना, सिग्नलला थांबलेल्या गाडीत वगैरे डुलकी लागायची शक्यता किती, प्रत्येकाला ० ते ३ मार्क. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलं तर दाखवावं. माझे १९ होते. आणि हो, हा फक्त जाड्या पुरुषांचा आजार नाही, पाळी गेल्यावर बायकांमध्येही वाढतो असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि त्यांच्यात मोठं घोरणं नसून नुसता थकवा नि सकाळची डोकेदुखी असंही असतं म्हणून लवकर कळत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या आपुलकीने कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

डॉक्टर, उत्तरं देते. दुपारी आडवी झाले तर झोप लागत नाही, पडून राहते. आमची शाखा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दिवाळीपासून मधल्या वळणावर थांबायला लागतं, मी फोन बघायचं निमित्त करते. वजन कमी नाही, कणकण नाही, छातीत काही नाही. पाळी २०-२२ दिवसांनी येते, सात-आठ दिवस, गाठी जातात. रात्री तीनच्या सुमारास घामाने जाग येते, मान आणि पाठ ओली, मग पाचपर्यंत डोळा लागत नाही. त्यातच सासूबाईंना बाथरूमला न्यायला एकदा दोनदा उठायचं असतं.

@शेवंती ताई, तुमचं वाचून मी फ्रिजपाशी जाऊन उभी राहिले. मी बर्फ खाते. ट्रेच्या ट्रे. मला वाटायचं सांगलीचा उन्हाळा आहे म्हणून, पण उन्हाळा संपून किती महिने झाले.

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, बर्फ, जिना आणि तुमची पाळी एकत्र वाचल्यावर मी तुमच्या जागी उद्याच फेरिटिन आणि बी १२ करून घेईन. ताप सर्दी असताना करू नका, तेव्हा फेरिटिन खोटं वर दिसतं. आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका, नळ गळत असताना टाकी भरत बसण्यात अर्थ नाही. पंचेचाळिशीनंतर पाळी अशी लवकर लवकर आणि जास्त येत असेल तर "पाळी जायच्या वेळेला असं होतंच" म्हणून सोडायचं नसतं, स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी, सोनोग्राफी आणि त्यांना वाटलं तर गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी करून घ्यायची. बहुतेक वेळा साधं काहीतरी निघतं, पण ते निघालं पाहिजे.

तीन वाजताचा घाम मात्र पाळी जायच्या वाटेवरचा वाटतो. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास धरतात आणि त्याच्या आधीची काही वर्षं झोप अशीच तुटते. त्यावरही उपचार आहेत, तेही त्यांना सांगा. बायका ते सांगतच नाहीत, अंगावर काढतात.

आणि तुम्ही एकट्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. निम्म्याहून जास्त. ज्यांचा फक्त साठा रिकामा आहे त्या यात मोजलेल्याच नाहीत.

ओसरी

मी ६८ ची आहे, मूळची रत्नागिरीकडची, आता पुण्यात. उशिरा लिहितेय कारण टाइप करायला वेळ लागतो.

डॉक्टर म्हणाले घरच्या शब्दांत सांगा, त्यावरून मला माझी आई आठवली. तिच्याकडे थकव्याला एक शब्द नव्हता. घाटी चढून आली की ती "दमले" म्हणायची, म्हणजे दम लागलाय, ओटीवर टेकली, गार पाणी प्यायली की संपलं. लावणीच्या दिवसांत "अंग आंबलंय" म्हणायची, त्याला कढत पाण्याची आंघोळ आणि एक रात्रीची झोप. ताप येऊन गेल्यावर "गळाठा आलाय", मग पेज नि मेतकूट. तेच तेच काम करून "वीट आला" तर उठून शेजारी जाऊन बसायची. आणि आजी दोन वर्षं अंथरुणाला होती तेव्हा ती म्हणायची "शिणले गो". दमले नाही, शिणले. तेव्हा मला फरक कळायचा नाही.

तो मला साठाव्या वर्षी कळला. ह्यांना पार्किन्सन्स, नऊ वर्षं झाली. रात्री कूस बदलून द्यायची, औषधाच्या वेळा पाळायच्या. काम म्हणाल तर फार नाही हो, पण कान सतत त्यांच्याकडे. दूध ओतताना कान तिकडे, पूजेत कान तिकडे. रक्त तपासलं, सगळं चांगलं. झोपले तरी उतरायचा नाही, जेवले तरी उतरायचा नाही. हा शीण. शीण कामाचा नसतो, सुटका नसल्याचा असतो.

मुलीने हट्टाने ब्युरोतून रात्रीच्या मावशी लावल्या, आठवड्यातून दोन रात्री. पहिल्या रात्री मी दुसऱ्या खोलीत दार लावून पडले आणि भिंतीला कान लावून त्यांचा श्वास ऐकत बसले. दुसऱ्या रात्रीही तेच. पाचव्या की सहाव्या रात्री झोपले ती एकदम सकाळी उठले, दूधवाला येऊन गेला होता. आणि उठल्यावर मला आधी काय वाटलं सांगू, अपराधी वाटलं. मग मावशींनी चहा आणून दिला, म्हणाल्या आजी, बाबा तर रात्रभर छान झोपले.

कृष्णाकाठ बाळा, तुझं रक्त कमी असेलच, त्याच्या गोळ्या घे. पण "मी आहे" म्हणायचं जिवावर आलं, असं तू लिहिलंयस. ते मला रक्ताचं वाटलं नाही.

पाऊलवाट

ओसरी आजींचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

माझं थोडक्यात लिहितो. वय ४९, अमरावतीकडे शाळेत शिक्षक. मला थकवाच वाटायचा, उदास वगैरे काही वाटत नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्या, एमआरआयसुद्धा. मग एका डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं मनापासून कधी हसलात, आवडीचं काय करता? मला कबड्डीच्या मॅचेस बघायला जायचं वेड होतं, शाळेच्या टीमला मीच घेऊन जायचो, आणि मला आठवेना की मी शेवटची मॅच कधी बघितली. सकाळी पाचला जाग, पोटात खड्डा, उठवायचं नाही. दुपारनंतर जरा बरं. डिप्रेशन होतं. आमच्याकडे पुरुषमाणूस उदास आहे असं म्हणत नाही, थकलोय म्हणतो. औषध आणि बोलणं दोन्ही चालू आहे, आठ महिन्यांत खूप फरक आहे. कोणाला लगेच डॉक्टरकडे जायचं जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी रात्री दीडला लावला होता.

अर्धाकप

रात्री लिहिते म्हणाले होते, दोन दिवसांनी लिहितेय.

माझा थकवा यांपैकी कशातच बसत नव्हता. फेरिटिन ठीक, झोप ठीक, नोकरी आवडीची. मग मी एक गोष्ट केली, आठवडाभर कालनिर्णयच्या मागच्या पानावर, जिथे दुधाचा हिशोब लिहितो तिथे, मी दिवसभरात जे जे लक्षात ठेवलं ते लिहीत गेले. केलेलं काम नाही, फक्त लक्षात ठेवलेलं. गॅस लावायचा. बाबांची बीपीची गोळी गुरुवारी संपते. मुलीच्या फॉर्मची शेवटची तारीख. डाळ भिजत घालायची. नणंदेच्या मुलाचा वाढदिवस. मोलकरणीला शनिवारी सुट्टी हवीय. बुधवारपर्यंत पान भरलं. नवऱ्याला दाखवलं, भांडायला नाही, खरंच फक्त दाखवलं, तर तो वाचत गेला आणि म्हणाला यातलं मला एकही माहीत नव्हतं. तो कामं करतो हं, सांगितलं की करतो. पण सांगायचं कोणी?

२०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्वेक्षणात होतं की घरचं बिनपगारी काम करणाऱ्यांमध्ये बायका त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. मला वाटतं ही लक्षात ठेवायची मिनिटं त्यात आलेलीच नाहीत, कारण ती वेगळी काढताच येत नाहीत, ती पोळ्या लाटतानाच चालू असतात.

आम्ही मग अर्धी कामं नाही, अर्धे विषय वाटून घेतले. गॅस, किराणा आणि बाबांची औषधं पूर्ण त्याची, आठवण करायची नाही, संपलं तर संपलं. पहिल्या महिन्यात गॅस खरंच संपला, भाजी अर्धी शिजलेली. मी जीभ आवरून बसले. तोच खाली जाऊन शेजाऱ्यांचा सिलेंडर घेऊन आला. तेव्हापासून संपला नाही.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

फेरिटिन ७ निघालं आणि बी १२ निघालं १६८, दोन्ही कमीच. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले, सोनोग्राफीत छोटा फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) आहे, बायोप्सी केली, रिपोर्ट चांगला आला (तो येईपर्यंतचे पाच दिवस कसे गेले ते माझं मला माहीत). पाळी कमी होण्यासाठी औषध दिलंय, लोहाची गोळी आणि बी १२ ची इंजेक्शनं चालू आहेत. बर्फाची ओढ खरंच कमी झाली, ट्रे तसाच्या तसा भरलेला दिसला की बरं वाटतं. परवा शाखेचा जिना न थांबता चढले, वर पोचून मीच मागे वळून बघितलं.

पण ओसरी आजी, तुम्ही लिहिलेलं बरोबर होतं. जिना चढता येतो आणि तरी संध्याकाळी घराच्या दाराशी आलं की पाय जड होतात. म्हणजे ते रक्ताचं नव्हतंच. सासूबाईंवर माझा राग नाही, त्या गरीब आहेत, मी उठले की रोज म्हणतात तुला किती त्रास देते. पण वर्षभर रात्री माझा कान त्यांच्या काठीकडे असतो. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. दोनदा वाचला, काही बोलला नाही, आणि त्या रात्री आपली गादी सासूबाईंच्या खोलीत टाकली. आता सोमवार ते गुरुवार तो उठतो. पहिल्या रात्री काठी वाजली तेव्हा मी निम्मी उठून बसलेही होते, मग त्याचा आवाज आला, थांब आई, मी आहे.

तीनचा घाम अजून आहे, पण परत झोप लागते.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची म्हणाले, पण मला सकाळी उठल्या उठल्या चहा लागतो, आणि गोळीने मळमळतंही. चहाबरोबर घेतली तर चालेल का?

तालुक्याचा_डॉक्टर

ताई, वाचून फार बरं वाटलं.

चहाबरोबर नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यात तास-दीड तास जाऊ दे, चहा सोडवत नसेल तर गोळी दुपारी जेवणाआधी लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती रात्री. मळमळ जास्त असेल तर एक दिवसाआड गोळी घेतली तरी चालते का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, तशी घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह उलट जास्त शोषलं जातं असं दिसलंय. शौचाला काळं होईल, त्याने घाबरायचं नाही. आणि हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच बंद करू नका, साठा भरायला पुढे निदान तीन महिने लागतात. फेरिटिन तेव्हा परत बघा आणि इथे कळवा.

शेवंती

आवळा सुपारी जवळ ठेवा, मळमळीला मला तिचाच उपयोग झाला. आणि ओसरी आजींना माझा नमस्कार.